काकाजीचं गॅरेज : जुना पार्ट भंगारात टाकू नका भाऊ

मागच्या अंकात एका ओळीत लिहिलं होतं की जुन्या गाडीच्या पार्टबद्दल कोणाला काही विचारायचं असेल तर पाठवा, तर बाप्पा, एवढे प्रश्न येऊन पडले की संपादक म्हणते काकाजी यावेळेस तुमचं पान वाढवावं लागते. सगळ्यांचे घेता येत नाही. फियाट आहे, अ‍ॅम्बेसिडर आहे, एक जीप आहे, आणि एकानं तर बैलबंडीच्या चाकाबद्दल विचारलं, तो प्रश्न आमच्या गल्लीतल्या सुताराला दिला. नावं कोणाचीच छापत नाही, नुसती गावं छापतो, कारण मागं एकाचं नाव छापलं तर त्याच्या घरी कळलं की गाडीवर किती खर्च झाला.

आर्वीहून : काकाजी नमस्कार. माह्या बाबाजीची ८६ची पद्मिनी फियाट हाय. डावीकडचा समोरचा मडगार्ड खालून सडला म्हून मोबाईलवर पाहून बाहेरून नवा मांगवला, 'ओरिजिनल फिटिंग' असं लिहून होतं. साडेसहा हजार अन् ट्रान्सपोर्ट वेगळं. आता लावून पाह्यला तं दरवाजाकडून बोटभर फट राहून राह्यली, अन् बोल्टचे दोन छेद जुळूनच नाही राह्यले. पेंटर म्हणते छेद मोठे करू, लांबी (खड्डे बुजवायची पुट्टी) भरू, रंगात काही दिसत नाही. करू का?

नको करू पोरा. पेंटरचं काय जाते, त्याला लांबीचा डबा रिकामा करायचा असते. एकदा लांबी भरून रंग मारला की तो मडगार्ड तुझाच झाला, मग विकणारा फोनही उचलणार नाही.

आधी हे समजून घे की हा माल येते कुठून. आपल्या देशात फियाट अन् अ‍ॅम्बेसिडरचे पार्ट इतके वर्षं भेटत राहिले ते आपल्यासारख्या हौशी लोकांमुळे नाही, टॅक्सीमुळे. मुंबईत काळी-पिवळी पद्मिनी, कलकत्त्यात पिवळी अ‍ॅम्बेसिडर, दिवसभर घासायच्या, आज ठोकली तर उद्या उभी पाहिजे, त्यांच्यासाठी बारके बारके कारखाने मडगार्ड दाबत होते. टॅक्सीवाल्याला स्वस्त पाहिजे अन् संध्याकाळपर्यंत गाडी रोडवर पाहिजे, दरवाजाजवळ फट एक सूत राहिली काय अन् बोटभर राहिली काय, त्याला काही फरक पडत नव्हता, तर मालही तसाच बनायचा. कुर्ल्याच्या कारखान्यात पद्मिनी बनणं २०००च्या आसपास थांबलं, अन् ३० ऑक्टोबर २०२३ पासून मुंबईच्या रोडवरून पद्मिनी टॅक्सीही गेली. म्हणजे मोठं गिऱ्हाईकच गेलं. आता जो मडगार्ड 'नवा' म्हणून येते तो गोदामात पडून राहिलेला असते नाहीतर घासून बोथट झालेल्या डायमधून (पत्रा दाबायच्या साच्यातून) निघालेला, अन् कधी कधी तर कोणीतरी जुना समोर ठेवून हातानंच ठोकलेला. हातानं ठोकलेला वाईटच असते असं नाही बरं का, चांगला डेंटर असला तर तो डायपेक्षा बरा, पण त्यानं ज्याच्यावरून ठोकला तो नमुनाच वाकडा असला तर?

दुसरी गोष्ट, 'फियाटचा मडगार्ड' म्हणून मागवला असशील तर तिथंच अर्धी चूक. डुक्कर फियाट वेगळी, तिचे तर समोरचे दरवाजेही उलटे उघडतात. मग सिलेक्ट अन् सुपर सिलेक्ट, ६४ची डिलाइट, मग प्रेसिडेंट, अन् ७४ पासून पद्मिनी. डिलाइट अन् पद्मिनी सख्खे भाऊ आहेत खरे, पण वर्षागणिक जाळी, लाइटची रिंग, पट्टीचे छेद असं बारीकसारीक बदलत गेलं. म्हणून मागवताना गाडीचं नाव अन् वर्ष लिहायचं, अन् आपल्या जुन्या मडगार्डचा फोटो स्टीलची पट्टी ठेवून पाठवायचा, बोल्टच्या छेदापासून छेदापर्यंत किती सेंटिमीटर ते सांगायचं अन् त्याच्याकडूनही पट्टी ठेवूनच फोटो मागायचा. नाही पाठवत म्हणाला तर तिथंच राम राम.

आता तुझ्या हातात जो आहे त्याचं काय. पहिले आतल्या बाजूनं काळा प्रायमर थोडा खरवड अन् रुमालात गुंडाळून लोहचुंबक फिरव, कुठं पकड सुटली तर तिथं कारखान्यातूनच लांबी भरून आली समज. मग व्हर्नियरनं कडेला पत्र्याची जाडी माप, अन् तुझ्या जुन्याची माप, जिथं गंज नाही अशा जागी. २० गेजचा पत्रा म्हणजे जवळपास ०.९ मिलीमीटर, २२ गेज म्हणजे ०.७. ऐकायला फरक बारका वाटते, पण हातानं दाबून पाहिलं की कळते, पातळ असला तर कूलरसारखा टण टण वाजते अन् आत-बाहेर होते. आपल्याकडे उन्हाळ्यात गल्लोगल्ली कूलर बनतात ना, तोच पत्रा, काही लोकं तोच वळवतात.

रंग लागला नसेल तर परत पाठवायचं बोल, छेद वाढवण्याच्या आधी बोल, कारण एकदा कानस लागली की कोणी परत घेत नाही. अन् नाहीच घेतला तर मी काय करतो ते सांगतो. जुन्या मडगार्डचं वरचं सगळं चांगलं आहे ना? बोल्टची लाइन, दरवाजाकडची कड, लाइटचा गोल, हे सगळं कुर्ल्याचं आहे, ते जुळणारच. सडला तो खालचा वीतभर भाग. तर नव्याचा तेवढाच खालचा भाग कापून जुन्याला जोडायचा. तालुक्याला ज्याच्याकडे सीओटू वेल्डिंग आहे अन् ज्याला घाई नाही अशा माणसाकडे जा, गॅसच्या ज्वाळेनं करू नको, पत्रा ओढते. एक टाका इकडं एक टाका तिकडं, मधी थंड होऊ द्यायचं, सरळ रेघ ओढली की पत्रा लाटेसारखा होते. साडेसहा हजाराचा मडगार्ड कापायला जीवावर येईल, पण फटीवाली गाडी रोज पाहणं त्याच्याहून जीवावर येते.

अन् जोडायच्या आधी आत हात घालून पाहा, दरवाजाच्या खांबाजवळ काळी माती ठासून बसलेली असेल, ढेकळं निघतील. पावसात वावराच्या रस्त्यानं गाडी गेली की माती तिथं जाऊन बसते अन् दिवाळीपर्यंत ओली राहते. मडगार्ड तिनं खाल्ला. ती काढली नाही तर नवाही चार पावसाळ्यात तसाच.

दारव्ह्याहून : पद्मिनीचा नवा बंपर घ्यावा की जुन्यालाच पॉलिश करावं?

जुन्यालाच. वाकला असेल तर ठोकून सरळ करा अन् निकेलवाल्याला सांगा की आधी तांबं, मग निकेल, मग क्रोम, तिन्ही थर पाहिजे. बाजारातला स्वस्त नवा बंपर पहिल्या पावसाळ्यापर्यंत आरशासारखा असते, नंतर त्याच्यावर बारीक बारीक पुटकुळ्या येतात. उलटा करून मागची बाजू पाहा, मागून नुसता चंदेरी रंग फासलेला दिसला तर समोरचं क्रोमही त्याच इमानदारीचं समजा.

कारंजा लाडहून : काकाजी, दिल्लीच्या काश्मिरी गेटमधून एका जुन्या दुकानातून ब्रेकचा माल भेटला. व्हील सिलिंडर, मास्टर सिलिंडरचं किट, होस पाइप, सगळं कंपनीचं डबापॅक, डब्यावर १९९२ लिहून हाय, सील पण फुटलं नाही. दुकानदार म्हणे असा माल आता सोनं आहे. खरंच सोनं आहे का, आता गाडीला लावू का?

अर्धं सोनं आहे, अर्धं कचरा आहे, अन् कचरा तुम्हाला चिखलदऱ्याच्या घाटात कळेल.

लोखंडाचं, बिडाचं, पितळेचं जे काही आहे ते ठेवा, जपून ठेवा, तसं कास्टिंग आता खरंच भेटत नाही. पण रबर? रबर डब्यात बसूनही म्हातारं होते. तीस वर्षं झाली त्या रबराला, गाडीला लागलं नाही म्हणून काय झालं. किटमधला रबराचा कप हातात घ्या अन् त्याचा ओठ, म्हणजे कड, दोन बोटांनी ताणून उन्हात पाहा, केसासारख्या चिरा दिसतील, नाही दिसल्या तरी ते कडक झालेलं असते. होस पाइप तर वाकवून पाहायचीही गरज नाही, तो टाका, नवा घ्या, चालू वर्षाचा घ्या, ब्रेकचंच काम करणाऱ्या नावाजलेल्या कंपनीचा घ्या. तो दिसायला फियाटसारखा नसला तरी चालते, चुड्या (आटे) अन् पाइपाची लांबी जुळली पाहिजे बस. मी सगळ्या बाबतीत ओरिजिनलच्या मागं लागणारा माणूस आहे, पण ब्रेक अन् स्टिअरिंगमध्ये नाही. आपल्या जुन्या गाड्यांत बहुतेक ब्रेकचं एकच सर्किट असते, चारापैकी एका चाकाचा कप फाटला की पाय सरळ पत्र्याला टेकते, चारही चाकं गेली.

आता तुमच्याकडे जे नवे किट येतील त्याच्यात साइज पाहा. कपावर साइज कोरलेली असते. पाऊण इंच म्हणजे १९.०५ मिलीमीटर, १९ म्हणून दिलेला तिथं बसते, पण २०चा 'थोडा ठोकून बसवतो' म्हणणाऱ्या मिस्त्रीच्या हातातून गाडी काढून घ्या. सिलिंडरला आतून गंजाचे खड्डे पडले असतील तर नवं किट टाकून काही होत नाही, आठ दिवसांत परत गळते. लेथवाल्याकडून पितळेची नाहीतर स्टेनलेसची स्लीव्ह (आत बसणारी नळी) बसवून घ्या, चांगला लेथवाला असेल तर ते कास्टिंग तुमच्या नातवापर्यंत चालते.

अन् एक गोष्ट मोठ्यानं सांगतो, कारण ही चूक मी दर वर्षाला पाहतो. आपण त्याला 'ब्रेक ऑइल' म्हणतो अन् तिथंच गडबड होते, मिस्त्रीला वाटते तेलच आहे, मग तो नवे कप डिझेलमध्ये नाहीतर रॉकेलमध्ये धुते, वरून जरासं इंजिन ऑइलचं बोट फिरवते म्हणजे सरकन बसेल. बसते सरकन. दुसऱ्या दिवशी रबर फुगून भजं होते अन् ब्रेक धरून बसतात, चाक तापून वास येते. ते तेल नाहीच, डबा पाहा, डॉट ३ नाहीतर डॉट ४ लिहिलेलं असते. कप त्याच्यानंच धुवायचे अन् त्यातच बुडवून बसवायचे. अन् गाडीच्या रंगावर सांडू देऊ नका, रंग उचलते.

हिंगणघाटहून : नमस्कार काकाजी. वडिलांची १९७२ची अ‍ॅम्बेसिडर मार्क टू आहे, त्यांनी कापसाच्या पैशातून घेतली होती, आता ते नाहीत पण गाडी मला ठेवायची आहे. इंजिन धूर मारते. इथला मिस्त्री म्हणतो की ह्या इंजिनचे पार्ट आता कुठेच मिळत नाहीत, दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन बसवून देतो, अ‍ॅव्हरेज पण चांगला येईल. भाऊ म्हणतो मिस्त्री म्हणेल तसं कर. तुम्ही काय म्हणता?

ताई, मिस्त्रीला त्याचं सोपं काम करायचं आहे, त्यात त्याचा दोष नाही, पण पार्ट भेटत नाही हे काही खरं नाही.

तुमच्या गाडीत जे १४८९ सीसीचं पेट्रोल इंजिन आहे ते मुळात इंग्लंडच्या बी-सिरीज नावाच्या इंजिनांच्या घराण्यातलं. अ‍ॅम्बेसिडर म्हणजे मॉरिस ऑक्सफर्ड सिरीज थ्री, कलकत्त्याजवळ उत्तरपाड्याला बनायला लागली ती थेट २०१४ पर्यंत बनत होती. आता गंमत अशी की त्याच बी-सिरीजचं १४८९ सीसीचं इंजिन इंग्लंडातल्या एमजीए नावाच्या स्पोर्ट्स गाडीत होतं, अन् ती गाडी तिकडच्या हौशी लोकांची फार लाडकी, त्यामुळे तिचे गॅस्केट, व्हॉल्व्ह, बेअरिंग शेल आजही नवे बनतात. एसयू नावाचा कार्बोरेटर तर आजही नवा बनते. म्हणजे हिंगणघाटच्या गाडीला बिलायतची मावशी आहे म्हणा ना. पण डोळे झाकून मागवू नका, उत्तरपाड्याच्या लोकांनी इतक्या वर्षांत त्यांचे त्यांचे बदल केले आहेत, शिवाय तिकडून मागवलं की मालाच्या किमतीवर ड्युटी लागते अन् कुरिअरवाला त्याचे वेगळे घेते, तर आधी आपल्या देशातला माल शोधा. अ‍ॅम्बेसिडरचा माल कलकत्त्याच्या मल्लिक बाजारात अजून निघते.

आता महत्त्वाचं. मिस्त्री इंजिन खोलेल अन् म्हणेल बोअर करून (सिलिंडर आतून घासून मोठं करून) आणतो, क्रँक ग्राइंड करून (घासून) आणतो, मग पार्ट पाहू. तिथं त्याला थांबवायचं. पहिले पिस्टन हातात, मग बोअर. पहिले क्रँकचे बेअरिंग शेल हातात, मग क्रँक. कारण ओव्हरसाइज पिस्टन वीस थाउ, चाळीस थाउ असे ठरलेल्या मापात येतात, शेलही दहा थाउ, वीस थाउ असेच. थाउ म्हणजे इंचाचा हजारावा भाग, वीस थाउ म्हणजे जवळपास अर्धा मिलीमीटर. तुम्ही वीसला बोअर करून आणलं अन् बाजारात चाळीसचाच सेट शिल्लक असला तर परत घासा, अन् चाळीसला केल्यावर चाळीसचा सेट नाही भेटला तर ब्लॉकला स्लीव्ह मारल्याशिवाय इलाज नाही. आमच्याइकडे एका घरी ट्रॅक्टरच्या शेडमध्ये एक अ‍ॅम्बेसिडर सात वर्षं ह्याच कारणानं विटांवर उभी होती, कोंबड्या अंडी घालायच्या तिच्यात. अन् पिस्टन आले की लेथवाल्याकडे नुसतं माप सांगू नका, पिस्टनच नेऊन द्या, तो प्रत्येक पिस्टन मापून त्याच्या त्याच्या सिलिंडरचं बोअर करेल.

डिझेल इंजिनबद्दल, इंजिन बदललं तर आरटीओमध्ये आरसीवर नोंद करावी लागते, परवानगी लागते, तशीच फिरवली तर अपघात झाल्यावर इन्शुरन्सवाले पहिले इंजिनचा नंबर पाहतात. शिवाय तुमची गाडी ५० वर्षांच्या वर गेली आहे. २०२१ साली केंद्रानं व्हिंटेज गाड्यांसाठी वेगळा नियम काढला, नोंदणीची फी २० हजार अन् पुढं तीच नोंदणी पुन्हा करताना ५ हजार, पण गाडी मूळ रूपात पाहिजे, मोठी छेडछाड केलेली चालत नाही. त्या नोंदणीवर रोज बाजारहाट करता येत नाही, धंद्याला तर नाहीच, म्हणून ते करायलाच पाहिजे असं मी म्हणत नाही, पण इंजिन बदललं की तो दरवाजाच बंद झाला. भावाला हे वाचून दाखवा.

आणखी एक. अ‍ॅम्बेसिडरला इंची पाने लागतात. मिस्त्री मिलीमीटरचा पाना अन् पायपाना घेऊन आला तर आधी इंची सेट विकत घ्या, नटांचे कोपरे गेले की तेही नट शोधत फिरावं लागते.

पांढरकवड्याहून : उन्हाळ्यात फियाट चालता चालता बंद पडते, अर्ध्या तासानं आपोआप चालू होते. गाडीतल्या पेट्रोल पंपाचं किट बदलून झालं, कॉइल बदलली. पेट्रोलचा पाइप तर एका वर्षात दोनदा फुटला, पंचेचाळीसच्या उन्हात कुठं आग लागली तर?

आगीची भीती बरोबर आहे, आधी पाइप. आता रोडवरच्या पंपावर जे पेट्रोल भेटते त्यात २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल राहते, अन् आपल्या गाड्या बनल्या तेव्हा हे कोणाच्या डोक्यातही नव्हतं. जुन्या पद्धतीचं रबर त्याच्यात फुगते, मऊ होते, आतून सोलते अन् त्याचे काळे तुकडे कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. तुम्ही दुकानात 'फियाटचा पेट्रोल पाइप' मागितला असेल, त्यानं कापून मीटरवर दिला असेल, तो काय आहे ते त्यालाही माहीत नाही. पाइपवर छापलेलं वाचून घ्यायचं, एसएई जे ३० आर ९ लिहिलेला घ्या, तो इंजेक्शनच्या गाड्यांसाठी असते अन् इथेनॉलला टिकते. महाग आहे, पण तुम्हाला लागते किती, हातभर. ज्याच्यावर काहीच छापलेलं नाही तो पाइप फवारणीच्या पंपाला लावा. गाडीतल्या पेट्रोल पंपाचा पडदाही तसाच, विचारून घ्या की इथेनॉलला चालते का, दुकानदारानं नुसती मान हलवली तर समजून जा.

बंद पडते ते बहुतेक पाइपातच पेट्रोलची वाफ होऊन. पाइप सायलेन्सरच्या मॅनिफोल्डपासून लांब फिरवा, उष्णता अडवणारी स्लीव्ह चढवा. पुढच्या वेळेस बंद पडली की गमछा ओला करून गाडीतल्या पेट्रोल पंपावर टाका, दहा मिनिटांत चालू झाली तर वाफच होती. नाही झाली तर इग्निशनचा कंडेन्सर पाहा, तो तापला की मरते अन् थंड झाला की जिवंत होते, अन् आजकालचे स्वस्तातले नवे कंडेन्सर डब्यातूनच मेलेले निघतात. माझ्याकडे एक पंचवीस वर्षांचा जुना कंडेन्सर आहे, संशय आला की तोच लावून पाहतो.

टाकीत जुना गाळ असेल तर इथेनॉल तो सोडवते, म्हणून सुरुवातीला फिल्टर लवकर लवकर बदला. अन् गाडी महिनोन्महिने उभी ठेवायची असेल तर टाकी फुल नाहीतर पूर्ण रिकामी, अर्धवट ठेवली की पाणी धरते.

वरुडहून : पद्मिनीचे ५.२०-१४चे टायर एकाकडे नवेकोरे भेटून राह्यले, स्वस्तात. घेऊ?

टायरच्या बाजूला चार आकडे पाहा, २२१५ असेल तर २०१५चा बाविसावा आठवडा. स्वस्त का आहे ते कळेल. आकडेच तीन असले तर तो मागच्या शतकातला आहे, त्याचा झोका बांधा.

दिग्रसहून : काकाजी, पद्मिनीचा वॉटर पंप गेला. दुकानदार म्हणते जुना आणून द्या, नव्यात दोनशे कमी करतो. अन् सोबत समोरच्या चाकाचे बेअरिंग अन् ऑइल सील पण 'फियाट स्पेशल' म्हणून महाग सांगून राह्यला.

दोनशे रुपये राहू द्या, जुना पंप देऊ नका. मी दिला होता म्हणून सांगतो.

माझी स्वतःची पद्मिनी होती तेव्हाची गोष्ट. मीही असाच जुना देऊन नवा आणला, चकाचक, ॲल्युमिनियम चमकून राह्यलं. बसवला, पाणी गळत नाही, खूश. पंधरा दिवसांत पंख्याचा पट्टा खाल्ला. दुसरा टाकला, तोही खाल्ला, काळा भुसा बोनेटच्या आतून सगळीकडे. डायनामो हलवून पाहिला, वायसर टाकून पाहिले, अन् मनात रोज एकच की जुना पंप असता तर बाजूला ठेवून पाहिला असता. शेवटी गावातल्या एका मास्तरांची गाडी उभी होती, त्यांच्या पाया पडून तिचा पंप खोलला. दोन्ही पंप वर्तमानपत्रावर तोंड खाली करून ठेवले, वरून स्टीलची पट्टी आडवी टेकवली. एका पंपाच्या फ्लँजवर (पुली बसते त्या चकतीवर) पट्टी टेकली अन् दुसऱ्याच्या फ्लँजवर पट्टीखालून आगपेटीची काडी आरामात जाऊन राह्यली, वरून थोडी जागा अजून. तेवढंच. तेवढ्यानं पुली बाकीच्यांच्या लाइनीत नव्हती अन् पट्टा एका बाजूनं घासत होता. दुकानदाराकडे गेलो तर जुना पंप कधीचा भंगारात गेलेला, अन् तो म्हणे तुमचीच फिटिंग चुकली.

तर नवा पंप आला की बसवायच्या आधी जुना अन् नवा शेजारी ठेवा. तोंडाला ग्रीस लावून शंभरपानी वहीच्या पुठ्ठ्यावर दाबायचा, छापा उठते, तो कापून नव्याच्या तोंडावर ठेवायचा, छेद जुळतात का ते लगेच दिसते. मग फ्लँजची उंची, आतल्या पंख्याची उंची, शाफ्टला बोटानं हलवून ढिलाई. पाच मिनिटांचं काम आहे. अन् हा छापा फोटो काढून पाठवायलाही चांगला, बाहेरून माल मागवताना समोरच्याशी हुज्जत घालायला लागत नाही. माल मागवला तर सगळे पैसे आधी टाकू नका, थोडे टोकन द्या, बाकीचे ट्रान्सपोर्टच्या बिल्टीचा फोटो आल्यावर.

बेअरिंगबद्दल, 'फियाट स्पेशल' असं क्वचितच काही असते. जुनं बेअरिंग रॉकेलनं धुवा अन् कडेवरचा नंबर वाचा, पुसट असेल तर खडू घासा, दिसते. तो नंबर जगात सगळीकडे एकच. ६२०४ म्हटलं की आतून २० मिलीमीटर, बाहेरून ४७, जाडी १४, ते फियाटमध्ये असो की विहिरीवरच्या मोटरमध्ये. ज्या बेअरिंगच्या दुकानातून मोटरपंपाचे आणता तिथंच जा, नंबर सांगा, नाव असलेल्या कंपनीचं घ्या. ऑइल सीलही तसंच, आतलं माप, बाहेरचं माप, जाडी, तीन आकडे कागदावर लिहून न्या, गाडीचं नाव सांगूच नका, नाव सांगितलं की भाव वाढते. खरं सांगतो, जुन्या गाडीतलं निम्मं सामान असंच मापावर भेटते, 'जुन्या गाडीचं' म्हणून शोधायचं काम फक्त बाकीच्या निम्म्यासाठी.

म्हणून माझ्या घरी माळ्यावर एक पोतं आहे, घासलेले पंप, तुटलेले हँडल, फाटलेली दरवाजाची बीडिंग, सगळं चिठ्ठी बांधून. काकू दर दिवाळीला ते भंगारवाल्याला द्यायला काढते अन् मी परत चढवतो.

जागा संपली. वणीच्या जीपवाल्या भावानं जो फोटो पाठवला त्यात पार्टापेक्षा खाटच जास्त दिसून राह्यली, बाजूला स्टीलची पट्टी ठेवून, उजेडात, वरून एक अन् बाजूनं एक असा परत पाठव, पुढच्या अंकात घेतो.